शनी समोरच्या नळापाशी

दिनांक २५ जानेवारी १९६२, गुरुवार. रक्कम चार रुपये सदतीस नवे पैसे, टपालखर्च धरून. ठिकाण, चामराजपेटेतल्या आमच्या भाड्याच्या घराचा कट्टा. हजर: मी, माझी थोरली बहीण म्हणजे अक्का, तिची मुलगी म्हणजे माझी भाची, आणि पोस्टमन. माझी बायको दारात उभी होती, पण तिने सही केली नाही, म्हणून तिला हजर धरता येत नाही.

एक पुस्तक व्ही.पी.ने आलं, त्याला एवढे साक्षीदार कशाला, असं कुणी विचारील. त्याला कारण आहे. आमचं चौघांचं एक पुस्तक मंडळ होतं. मी, शाळेतले एक ड्रॉइंग मास्तर, दवाखान्यातला एक कंपाउंडर आणि चिकपेटेतले एक कापडवाले अण्णा. चौघेही बंगळुरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले मराठी, घरी मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड बोलणारे. चौघांनाही विज्ञानाची आणि यंत्रांची नवी पुस्तकं वाचायचं वेड. इंग्रजी पुस्तकं कँटोनमेंटातल्या दुकानांच्या काचेत दिसत, आणि किंमत बघून आम्ही ती काचेतच बघत असू. मराठी पुस्तकं पुण्याहून टपालानेच मागवावी लागत. किंमत चौघांत सारखी वाटायची, भागाकारात उरलेला एखाद-दुसरा नवा पैसा मी सोसायचा. प्रत्येकाने पुस्तक दहा दिवस ठेवायचं. कुणी आधी वाचायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरायचं, आणि शेवटी ज्याच्याकडे जाईल त्याच्याकडे ते कायमचं राहायचं.

साक्षीदारांचं कलम पहिल्याच वर्षी घालावं लागलं. अणूवरचं पुस्तक येणार म्हणून आम्ही तीन महिने वाट पाहिली. पैसे भरून पुडकं सोडवलं, तर आत लोणची आणि मुरंब्यांचं पुस्तक. प्रकाशकाला लिहिलं. त्याने उलट लिहिलं, की आमच्याकडून अणूच पाठवला होता. तेव्हापासून कलम केलं, की पुडकं दोन सज्ञान माणसांसमोर, पोस्टमन उभा असतानाच उघडायचं आणि सह्या घ्यायच्या. मुरंब्यांचं पुस्तक माझ्या बायकोकडे अजून आहे. तिच्या मते मंडळाने घेतलेल्या पुस्तकांत तेवढंच उपयोगाचं.

दुसरं कलम माझ्या स्वभावातून आलेलं. छापलेल्या पुस्तकात आकड्याची चूक सापडली आणि ती शुद्धिपत्रात नसली, तर सापडवणाऱ्याला मंडळाने पंचवीस नवे पैसे द्यायचे. तोपर्यंत असे पैसे अकरा वेळा दिले गेले होते आणि अकराही वेळा मलाच. यावरून कापडवाले अण्णा मला म्हणत, “हिशेबवाले, तुम्ही पुस्तक वाचत नाही हो, तपासता.” मी एका कारखान्याच्या हिशेबखात्यात होतो. तपासल्याशिवाय वाचणं मला जमत नाही, त्याला इलाज नाही.

पण खरं सुख वाट बघण्यात होतं. मराठी मासिकाचा अंक आला, की आम्ही गोष्टी सोडून आधी मागचं कव्हर बघायचो. ‘लवकरच येत आहे’ असा मथळा, खाली रडार नाहीतर कृत्रिम उपग्रहाचं भलंमोठं चित्र, आणि सवलतीची मुदत. आगाऊ नाव नोंदवणाऱ्याला व्ही.पी. सवलतीत. मग आमच्या गप्पा सुरू. चित्रं किती असतील? आर्ट पेपर असेल का? मागे सूची असेल का? ड्रॉइंग मास्तर तर न आलेल्या पुस्तकाच्या आकृत्या स्वतःच काढून दाखवायचे, आणि पुस्तक आल्यावर म्हणायचे, “माझी बरी होती.” जाहीर केलेली तारीख आणि आलेली तारीख मी एका पानावर मांडून ठेवी. एकही पुस्तक वेळेवर आलेलं नव्हतं. दिवाळी म्हटलं की संक्रांत धरायची, संक्रांत म्हटलं की पाडवा. त्याचं आम्हाला वाईट वाटत नसे. तेवढे दिवस बोलायला विषय राही.

या वेळी मात्र उशीर परवडणारा नव्हता.

झालं असं. १९६२च्या फेब्रुवारीत, तीन तारखेपासून पाच तारखेपर्यंत, आठ ग्रह मकर राशीत एकत्र येणार होते. अष्टग्रही. त्यात प्रलय होणार अशी हवा उठली होती, म्हणून गावोगाव यज्ञ मांडले होते. मार्केटात तांदूळ आणि रॉकेल साठवण्यासाठी झुंबड होती. आमच्या गल्लीतल्या दोन बिऱ्हाडांनी दागिने पुरून ठेवले आणि कुठे पुरले ते सगळ्यांना सांगूनही टाकलं. आणि नेमकं दहा जानेवारीला भाचीला नोकरीचं पत्र आलं. एका मोठ्या कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर, म्हणजे यंत्रांचे नकाशे पारदर्शक कापडावर शाईने उतरवायचे. कामावर हजर व्हायचं ते सोमवार, पाच फेब्रुवारी, सकाळी आठ वाजता. न आल्यास जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला, असं स्पष्ट टाइप केलेलं. मी कारखान्यात जाऊन विचारून आलो. कारकून म्हणाला, “सार, त्या दिवसासाठी आतापर्यंत चाळीस रजेचे अर्ज आलेत. साहेब भडकलाय. स्वल्पही मागेपुढे होणार नाही.”

भाची एकोणीस वर्षांची. त्या जागेसाठी तिने वर्षभर ड्रॉइंग मास्तरांकडे रोज दोन तास शाईच्या रेघा ओढल्या होत्या. घरात मिळवता मी एकटा, माणसं चार. अक्का विधवा. तिचे यजमान एका अमावास्येला, घरचे नको म्हणत असताना, हुबळीला कामाला म्हणून निघाले आणि वाटेतच गेले. ही पाच फेब्रुवारीही अमावास्याच. तेव्हा अक्काला कुणी भोळी म्हणू नये. तिच्याकडे तिचा हिशेब होता.

ती एवढंच म्हणाली, “त्या दिवशी ही उंबरा ओलांडणार नाही.”

“अगं अक्का, ग्रह आपल्यापासून कोट्यवधी मैल लांब आहेत,” मी म्हणालो.

“कुणी सांगितलं?”

“पुस्तकात आहे.” मी एक इंग्रजी पुस्तक काढून दाखवलं.

“मला वाचता येत नाही ते. तू सांगणार, मी ऐकणार. त्या दिवशी तेही असंच सांगत होते, काही होत नाही म्हणून.” मी पुस्तक मिटलं. मग तीच म्हणाली, “मराठीत छापलेलं दाखव. मी माझ्या डोळ्यांनी वाचीन. पटलं तर सरी, जाईल ती; नाही तर नाही.”

भाचीने माझ्याकडे बघितलं. त्याच महिन्याच्या मासिकाच्या कव्हरवर होतं: आपल्या सूर्यमालेची ओळख, सोप्या मराठीत, ग्रहांच्या अंतरांच्या तक्त्यासह, संक्रांतीपर्यंत. आमचं नाव दिवाळीलाच नोंदवून झालं होतं.

संक्रांत आली. तीळगूळ झाला, पुस्तक नाही. भाची रोज दहाच्या सुमाराला कट्ट्यावर अवरेकाईच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत बसे. तो शेंगांचा मोसमच होता, त्यामुळे तसं बसण्यात वावगं काही दिसत नसे, पण त्या जानेवारीत आमच्याकडे अवरेकाईची उसळ जितक्या वेळा झाली तितकी पुन्हा कधी झाली नाही. पोस्टमन कोपऱ्यावरूनच हात हलवून ‘इल्ला’, नाही आलं, म्हणे. मी जबाबी कार्ड टाकलं. उत्तर आलं, ‘पुस्तक बांधणीत आहे. लोभ असावा.’ बायको म्हणाली, “लोभ आहेच. पुस्तक पाठवा म्हणावं.”

दुसरी अडचण म्हणजे चिठ्ठ्यांत पहिला नंबर कापडवाल्या अण्णांचा आला होता. त्यांनी दहा दिवस पुस्तक ठेवलं तर आमचं संपलंच. मी चिकपेटेत त्यांच्या दुकानी गेलो. अण्णा गादीवर बसून यज्ञाच्या वर्गणीच्या पावत्या फाडत होते.

“अण्णा, तुम्ही? मंडळाचे सभासद असून?”

“त्यात काय झालं?” अण्णा म्हणाले. “तिकडे अकरा रुपये भरले, इकडे पुस्तकाचेही भरणार. दोन्हीकडे वर्गणी भरलेली बरी. कुठूनही फायदा झाला तरी आपला.”

मी नंबर बदलून मागितला. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. “घ्या हो तुम्ही आधी. मला तीन दिवस यज्ञाची लाकडं मोजायची आहेत. पोरीची नोकरी जाता कामा नये. आणि हे बघा, तीन ते पाच माझं दुकान बंद आहे. साडी घ्यायची असेल तिला, तर दोन तारखेच्या आत या.”

चोवीस तारखेला पोस्टमनने वाटेत सांगितलं, पुण्याचं पुडकं आलंय, उद्या आणतो. मी अर्धी रजा टाकली. अशा रीतीने पंचवीस तारखेला वर लिहिलेली मंडळी कट्ट्यावर जमली. पुडक्याची सुतळी अक्काने सोडवली, कारण कापलेली सुतळी पुन्हा उपयोगी पडत नाही. आत सूर्यमालाच होती. एकशे बारा पानं, सोळा आकृत्या. पोस्टमननेही मान वाकडी करून बघितलं आणि विचारलं, “यात आहे का सार, काय होणार ते?”

“नाही,” मी म्हणालो, आणि पुस्तक पटकन मिटलं. कारण मी अनुक्रमणिका चाळली होती. अष्टग्रहीचं त्यात नावही नव्हतं. पुस्तक तिची हवा उठायच्या आधीच लिहून छापायला गेलेलं असणार. आम्ही ज्याची इतकी वाट पाहिली त्यात आमच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. नुसती अंतरं, आकार, वेग.

शिवाय आणखी एक गोष्ट माझ्या हाती लागली. मुखपृष्ठाच्या आत एक सुटी चिठ्ठी होती. शुद्धिपत्र. तीन ओळी. पृष्ठ एकवीसवर फूटच्या जागी मैल वाचावे, पृष्ठ चौपन्नवर एक शून्य जास्त पडलं आहे, पृष्ठ नव्वदवर आकृतीचं नाव चुकलं आहे. एरवी शुद्धिपत्र दिसलं की मी खूश होतो. त्या दिवशी मला वाटलं, ज्या बाईने छापलेल्यावरच विश्वास ठेवीन म्हटलंय, तिच्या हातात पहिल्यांदा चुकांचीच यादी जायची! मी चिठ्ठी घडी करून ऑफिसच्या पिशवीत टाकली.

बायकोने बघितलं. “तुम्ही?” ती म्हणाली. एवढंच. पण वीस वर्षांच्या संसारात तिने इतक्या आश्चर्याने मला कधी काही विचारलं नव्हतं. अक्काच्या नकळत मी त्या तीनही चुका पुस्तकात शाईने दुरुस्त केल्या आणि मनाची समजूत घातली, की निदान मजकूर तरी बरोबर आहे.

दुसऱ्या दिवशी, सव्वीस जानेवारीला, सुटी होती. मला वाटलं होतं अक्का पुस्तक संध्याकाळपर्यंत चाळील. सकाळी बघतो तर ती अंघोळ करून, पाट मांडून बसलेली. समोर चौरंग, चौरंगावर पुस्तक, बाजूला समई आणि वाटीत साखर.

“हे काय, अक्का?”

“सात दिवसांत पुरं करायचं. सोळा-सोळा पानं. मोजली मी, बरोबर बसतात.” आणि तिने हात जोडून पहिलं पान मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

अक्काला ग्रंथ वाचायची हीच रीत माहीत होती. एकदा बसली की मध्ये उठायचं नाही, मध्ये बोलायचं नाही, एक अक्षर गाळायचं नाही. प्रकाशकाचा पत्ता, छापखान्याचं नाव, ‘सर्व हक्क स्वाधीन’, हेही तिने वाचलं. आकृत्यांखालच्या ओळी वाचल्या. मध्येच दूधवाला आला, तर हातानेच खुणा. संपलं की साखर वाटायची. सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान ऐकून साखर खाणारं आमचंच घर असेल.

शंका वाचनानंतर विचारायची. पहिल्या दिवशी तिने विचारलं, “कोटी मैल म्हणजे किती?”

मी तोंड उघडलं, पण भाचीने मला थांबवलं. “मामा, तुम्ही आकडे सांगाल. थांबा.” तिने रांगोळीचा डबा आणला. “आई, एक कोटी मैलाला एक ठिपका. दोन ठिपक्यांत एक वीत. चालेल?”

रांगोळीच्या ठिपक्यांत अक्काचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिचे ठिपके पट्टीने मोजून बघावेत, एक सूतभर चुकायचे नाहीत. दुसऱ्या दिवसापासून असं ठरलं, की ज्या ग्रहाचं वाचन झालं त्याचे ठिपके मांडायचे. सूर्य उंबऱ्यावर. भाची म्हणाली, या दिवसांत ते सगळे सूर्याच्या पलीकडे आहेत, म्हणून तर दिसत नाहीत. तेव्हा पृथ्वी घराच्या आत घेऊ आणि बाकीचे बाहेर. पृथ्वी नऊ ठिपक्यांवर, म्हणजे माजघरात, अक्काच्या पाटापाशीच आली. चंद्राला वेगळा ठिपका देता येईना. तो पृथ्वीच्याच ठिपक्यात बसला. बुध आणि शुक्र उंबऱ्याच्या आसपास घुटमळले. मंगळ कट्ट्याच्या पायरीवर. गुरू अठ्ठेचाळीस ठिपके, फाटकात.

शनीच्या दिवशी अक्का रांगोळी घेऊन फाटकाबाहेर पडली. गल्लीतली पोरं, भाजीवाली, एक सायकलवाला, सगळे उभे राहिले. अठ्ठ्याऐंशी ठिपके. शनी समोरच्या सार्वजनिक नळापाशी पोचला. नळावर पाणी भरणाऱ्या शेजारणीने विचारलं, “काय अक्का, सण कुठला?”

“सण नाही. हा शनी.”

शेजारीण घागर घेऊन दोन पावलं मागे सरली.

अक्का तिथेच उभी राहून घराकडे बघत होती. मग ती माझ्याकडे वळली. “हे सगळे एका घरात आलेत म्हणतात ना रे?”

“हो. मकर राशीत.”

“घरात कुठले? एक नळावर, एक फाटकात, एक पायरीवर.” ती ठिपक्यांच्या कडेकडेने परत आली. “आणि केतूचं काय? त्याचं पान कुठाय?”

“केतू या पुस्तकात नाही. त्याला अंतर नाही, अक्का. तो मोजता येणारा ग्रह नव्हे.”

“म्हणजे आठातला एक इथेच कमी झाला,” अक्का म्हणाली. भाची हसली. मीही हसलो. आम्हाला वाटलं, जमलं.

एक फेब्रुवारी, गुरुवार. वाचनाचा सातवा दिवस. शेवटच्या सोळा पानांत तक्ता होता. मी त्या दिवशी ऑफिसातून धावत घरी आलो. अक्का पाटावर, पुस्तक चौरंगावर उघडं. भाची भिंतीला टेकून उभी, चेहरा उतरलेला.

“वाच,” अक्का मला म्हणाली. “शनीची ओळ.”

तक्त्यात छापलं होतं: शनी, सूर्यापासून अंतर, अडुसष्ट कोटी साठ लाख मैल.

“आणि आत, मी वाचलेलं, अठ्ठ्याऐंशी,” अक्का म्हणाली. “वीस ठिपक्यांचा फरक. शनी नळापाशी नाही, त्याच्या अलीकडे रस्त्यातच येतो. मी दोनदा मोजलं. हे तुझं पुस्तक दोन तोंडांनी बोलतंय.”

तक्ता मी तपासला नव्हता, हे इथे लिहिलं पाहिजे. शुद्धिपत्र लपवण्याच्या आणि त्यातल्या तीन चुका दुरुस्त करण्याच्या नादात उरलेलं पुस्तक मी आकडे न पडताळता सोडलं होतं. आयुष्यात तेवढं एकच.

“चूक असेल छापण्यातली,” मी म्हणालो.

“मग दुसरं कशावरून बरोबर? नऊ ठिपके तरी कशावरून? सगळंच कशावरून?” तिचा आवाज चढला नव्हता. तसा चढला असता तर बरं वाटलं असतं. “परवा तीन तारीख. मला तोंडाने सांगणारे खूप भेटले रे. म्हणून छापलेलं मागितलं.”

भाची माझ्याकडे बघत होती. बायकोही बघत होती, आणि तिची नजर माझ्या पिशवीवर होती.

मी पिशवीतून चिठ्ठी काढली. मनात आशा होती, की मी त्या दिवशी घाईत वाचलं असेल आणि शनीची चूक तिच्यात असेलच. मी उघडून बघितली. नव्हती. तीनच ओळी. तरीही मी ती अक्काच्या हातात दिली.

“हे काय?”

“शुद्धिपत्र. पुस्तकात होतं. मी काढून ठेवलं.”

“का?”

“तू चुका बघशील आणि पुस्तक ठेवून देशील म्हणून.”

अक्काने चिठ्ठी तिन्ही ओळी एकदा, मग पुन्हा एकदा वाचली. मग पृष्ठ एकवीस उघडून माझी शाई बघितली.

“हे कुणी छापलं?”

“त्यांनीच. पुस्तक छापून झाल्यावर चुका दिसल्या, तेव्हा वेगळं छापून आत घातलं.”

“स्वतःच्या चुका, स्वतःच?”

“हो.”

“वर पैसे घालून?”

“कागद आणि छपाई, दोन्हीचा खर्च येतोच.”

“कुणी पकडलं नव्हतं तरी?”

“नव्हतं.”

तिने चिठ्ठी मांडीवर ठेवून हाताने सपाट केली. मग म्हणाली, “इतकी वर्षं मी पंचांग बघते. असलं पान कधी बघितलं नाही. हुबळीला निघायचा दिवस कुणी चांगला सांगितला होता, कुणी वाईट. मागाहून ‘माझं चुकलं’ असं कुणी छापून धाडलं नाही.” आणि मला, “हेच लपवलंस होय रे? पुस्तकातलं हेच तर पहिलं दाखवायचं.”

मी खाली बघितलं. माझं वय तेव्हा चव्वेचाळीस होतं आणि मला पाठीत धपाटा बसल्यासारखं वाटलं.

“पण अठ्ठ्याऐंशी की अडुसष्ट?” अक्का म्हणाली. “त्यांनी नाही सांगितलं तर आपण काढू. पुस्तकातूनच निघायला हवं.”

या वेळी भाची पुढे आली. तिने पानं उलटली. सूर्याचा प्रकाश शनीपर्यंत पोचायला सुमारे एकोणऐंशी मिनिटं लागतात, असं एका पानावर होतं. प्रकाशाचा वेग, सेकंदाला एक लाख शहाऐंशी हजार मैल, दुसऱ्या पानावर. ती शाईचा टाक घेऊन माझ्या जुन्या पाकिटाच्या पाठीवर गुणाकार करत बसली. मी हात पुढे केला, तर बायकोने मला मागे ओढलं. एकोणऐंशी गुणिले साठ, गुणिले एक लाख शहाऐंशी हजार. उत्तर आलं, अठ्ठ्याऐंशी कोटी सोळा लाख चाळीस हजार.

“‘सुमारे’ म्हटलंय म्हणून थोडं कमी,” ती म्हणाली. “पण अडुसष्ट नाही. शनी नळापाशीच.”

अक्काने पाकीट हातात घेऊन गुणाकार बघितला. तिला तो कळला की नाही, मला सांगता येणार नाही. तिने आकड्यांपेक्षा रेघा जास्त बघितल्या असाव्यात. सरळ, एकसारख्या, एकही डाग नसलेल्या. मग तिने समई शांत केली, साखरेची वाटी उचलली आणि सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. माझ्या हातावर सगळ्यांत शेवटी.

“सोमवारी बस किती वाजता आहे?” तिने भाचीला विचारलं.

“सव्वासातला,” भाची म्हणाली, आणि मग तिला रडू आलं.

“रडतेस काय? साडी कुठली नेसणार? कापडवाल्याचं दुकान उद्याच उघडं आहे.”

सोमवारी सकाळी थंडी होती, गल्लीत धुकं होतं. अमावास्या होती. अक्का भाचीच्या बरोबर बसथांब्यापर्यंत चालत गेली. उंबऱ्यावर ती थोडी थबकली, ते मी बघितलं. मग लेकीचं कोपर धरून ती बाहेर पडली, मंगळावरून, गुरूवरून, आणि नळापाशी शनी चुकवून पलीकडे गेली. रांगोळी एव्हाना पुसट झाली होती, पण तिला जागा माहीत होत्या. बस अर्धी रिकामी होती. अक्का परत आली आणि दिवसभर कट्ट्यावर बसून राहिली. अवरेकाईचा मोसम सरत आला होता, तरी तिने शेरभर सोलल्या. पावणेसहाला भाची कोपऱ्यावर दिसली. बोटांना शाई, हातात रिकामा डबा. अक्का आत निघून गेली आणि तिने उसळीला फोडणी दिली.

सहा तारखेला कापडवाले अण्णा स्वतः पुस्तक न्यायला आले. “बघा, काही झालं नाही,” ते म्हणाले. “यज्ञाचा गुण.” मग पुस्तक काखोटीला मारत, “किंवा याचा. आपले दोन्हीकडे पैसे भरलेले होते.”

शनीच्या चुकीबद्दल मी प्रकाशकाला कार्ड लिहिलं. मजकूर अक्काने सांगितला, सहीही तिनेच केली. पंधरवड्याने उत्तर आलं. तक्त्यात आठाच्या जागी सहा पडला होता, अठ्ठ्याऐंशीच बरोबर, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू, आणि लक्षात आणून दिल्याबद्दल आभार. अक्काने ते कार्ड शुद्धिपत्राच्या चिठ्ठीबरोबर पुस्तकात ठेवायला दिलं. त्यानंतर मासिकाचं मागचं कव्हर घरात सगळ्यांत आधी तीच बघू लागली. ‘लवकरच’ म्हणजे नक्की केव्हा, हे ती मला विचारी, आणि मी माझं तारखांचं पान काढून दाखवी.

मंडळाची बैठक मार्चच्या पहिल्या रविवारी आमच्या कट्ट्यावर झाली. हजर चौघे सभासद. ड्रॉइंग मास्तरांनी विचारलं, चूक सापडवणारी बाई सभासद नाही, तेव्हा कलम लागू होतं का? मी वही वाचून दाखवली. कलमात ‘सापडवणाऱ्याला’ असं होतं, सभासदाला असं नव्हतं. अण्णा म्हणाले, “हिशेबवाल्यांच्या घरचे पैसे घराबाहेर जात नाहीत ते नाहीतच.” ठराव एकमताने झाला. तक्त्यातील शनीचे अंतर, शुद्धिपत्राबाहेरची चूक, नग एक. दिले पंचवीस नवे पैसे, अक्कास, रोख, भाचीच्या साक्षीने.